‘ऑन’च्या पुढं ‘हाऊ मेनी’ कसं काय?

प्रश्न: सोलापुरात पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकाला पाठवायच्या मेलमध्ये पुतणीनं लिहिलं, ‘द रेट डिपेंड्स ऑन हाऊ मेनी डझन्स यू टेक’. मी अडवलं. प्रीपोझिशनच्या पुढं नाम किंवा सर्वनाम येतं, असं आम्ही शाळेत घोकलंय. इथं तर अख्खं वाक्यच आलं, तेही प्रश्नाचं. आणि प्रश्न आहे तर ‘विल यू टेक’ का नको? ती म्हणते, “काका, बरोबर आहे ते.”

उत्तर: पुतणी बरोबर, आणि तुमचा नियमही शाबूत. ‘हाऊ मेनी डझन्स यू टेक’ हा सगळा तुकडा इथं नामाचंच काम करतो. त्याच्या जागी ‘द क्वांटिटी’ ठेवून बघा, चपखल बसतं. तुम्ही गिऱ्हाइकाला काही विचारत नाही आहात, म्हणून ‘विल’ कर्त्याच्या पुढं उडी मारत नाही.

खरी गोची ‘हू’ची. ‘डिपेंड्स ऑन हू साइन्स द ऑर्डर’ हे बरोबर. ‘ऑन’ दिसला की शिकलेली माणसंसुद्धा घाईनं ‘हूम’ करतात. पण ‘ऑन’ची सत्ता सगळ्या तुकड्यावर, त्यातल्या एकट्या ‘हू’वर नाही, ‘हू’ हा ‘साइन्स’चा कर्ता. उलट ‘ऑन हूम यू आस्क’मध्ये ‘हूम’ चालतं, ते ‘आस्क’चं कर्म आहे म्हणून. बोलताना तिथंही बहुतेक जण ‘हू’च म्हणतात.

आणखी एक: मग ‘डिपेंड्स ऑन इफ द यार्न कम्स’ चालेल का हो सर? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्रास दिसतं.

उत्तर: मेलमध्ये नको. ‘आय डोन्ट नो’नंतर ‘इफ’ खपतं, प्रीपोझिशननंतर ‘व्हेदर’च लिहावं.

एक वाचक: आमच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, त्यामुळे एक गोष्ट जाणवते. चाटी गल्लीत कापड घेताना भाव विचारला की उत्तर येतं, “किती घेताय त्यावर आहे.” मराठीत ‘वर’ थेट वाक्याला चिकटत नाही, मध्ये ‘त्या’ची खुंटी लागते. तेलुगूतही तसंच: ‘एन्नि तीसुकुंटारो दानि मीद’. ‘दानि’ ही खुंटी, आणि क्रियापदाच्या शेवटचा ‘ओ’ सांगतो की आत प्रश्न दडलाय. इंग्रजी मात्र अव्यय सरळ प्रश्नाच्या तोंडाला जोडते. म्हणून आमची पोरं ‘हाऊ मेनी यू टेक, ऑन दॅट इट डिपेंड्स’ लिहितात. खुंटी सुटत नाही!

उत्तर: खुंटी इंग्रजीलाही लागते, फक्त दुसरीकडं. आत प्रश्न नसून साधं विधान असेल, तर ‘ऑन दॅट द यार्न इज लेट’ होत नाही, ‘ऑन द फॅक्ट दॅट’ म्हणावं लागतं. ‘इन दॅट’, ‘एक्सेप्ट दॅट’ असे अपवाद मोजके. मराठीला दोन्हीकडं एकच ‘या’ पुरतो: सूत किती आलं यावर, सूत उशिरा आलं यावर.

कधी कधी अव्यय गळूनच जातं. ‘आय हॅव नो आयडिया व्हेन’मध्ये ‘ऑफ’ बहुधा कुणी घालत नाही, ‘नॉट शुअर व्हेदर’ही तसंच. ‘डिस्कस’ला तर मुळात ‘अबाऊट’ नकोच. ‘डिस्कस हाऊ टू पॅक’ एवढंच. ‘डिपेंड्स’चा ‘ऑन’ बोलताना पडतो, पण व्यवहाराच्या पत्रात ठेवा.

प्रश्नकर्ता: हरलो. मेल तिच्याच शब्दांत जाणार. पण खाली तिनं ‘प्लीज कन्फर्म अ‍ॅज टू व्हेदर यू नीड सॅम्पल्स’ असं घातलंय. तेही बरोबरच का?

उत्तर: चूक नाही, पण कचेरीचा वास येतो. ‘अ‍ॅज टू’ काढा. ‘कन्फर्म व्हेदर’ पुरे. यावेळी काका बरोबर, असं तिला सांगा.