९६ चा राउंड विसरलो, १०८ चा डोक्यातून जात नाही

अजिंक्यतारा_६१ (सातारा)

मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल.

सत्तावन्नाव्या वर्षी जावयाच्या नादानं गोल्फ धरलं. महिन्यातून दोनदा पहाटे अंधारातच गाडी काढतो आणि पुण्यात खेळून दुपारी परत येतो. मे महिन्यात पहिल्यांदा अख्खा राउंड शंभरच्या आत फटक्यांत संपवला (फटके जितके कमी तितकं चांगलं). ९६! जावयानं कार्डाचा फोटो सगळ्या पाहुण्यांना पाठवला. पण येताना खंबाटकी चढत होतो आणि त्या दिवसाचा एक फटका डोळ्यांसमोर येईल तर शपथ. दिवसभर नुसती बेरीज केली होती. इथं पाच झाले, तिथं सहा चालतील, वगैरे.

गेल्या रविवारी १०८. दोन चेंडू हरवले, एका बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, चार फटके गेले (पाचही असतील). पण एका होलवर चेंडू चिंचेखाली गेला. फांद्या पार खाली आलेल्या. मी वेज (चेंडू उंच उडवायची काठी) काढून वरनं मारायच्या तयारीत, तर बॅग उचलणाऱ्या कॅडीनं सात नंबरचं आयर्न (त्याहून कमी उडवणारी काठी) हातात दिलं. "सर, वर बघूच नका. चेंडू उजव्या पायाकडं घ्या अन् अर्धाच हात फिरवा." लहानपणी विटी सरपटत कोलायचो तसं मारलं. ठक्क! हाताला काही लागलंच नाही. चेंडू गुडघाभर उंचीनं फांद्यांखालून निघाला, दोन टप्पे खाल्ले आणि घरंगळत ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, तोंडाशी जाऊन थांबला. पुढं चेंडू होलात ढकलायला तीन पट घालवले, तो भाग सोडा.

आज गुरुवार. अजून अंगणात छत्री घेऊन तोच फटका मारतोय. बायको म्हणते, शेजारी बघतायत.

ही स्वतःची समजूत काढणं आहे, की तुमचंही असं होतं?

बोगीबहाद्दर

काका, राग मानू नका, पण "स्कोअरचं काय एवढं" हे वाक्य चांगला स्कोअर आलेल्या माणसाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही 😄

मोजणं सोडू नका, मोजायची रीत बदला. स्टेबलफर्ड खेळा. प्रत्येक होलला हँडिकॅपचे (आपल्या कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या सवलतीचे) फटके वजा करून पार (होलला ठरलेले फटके) आला तर २ गुण, बोगीला (एक जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३. डबल बोगी किंवा त्याहून वाईट असेल तर भोपळा. भोपळा ठरला की चेंडू उचलायचा आणि पुढच्या टीवर (पुढचा होल सुरू होतो तिथं) जायचं. एक बंकर अख्खा दिवस खात नाही.

तालीम_मिरज

आमच्याकडं गुणांवर मारलेली कुस्ती आठवड्यात विसरतात. ढाक लावून चितपट केलेली तीस वर्षांनीही पारावर सांगतात, आणि दर वेळी समोरचा पैलवान दहा किलोनं वाढलेला असतो. तुमचं चिंचेचं झाडही वाढणार बघा.

नियमानं १४ काठ्या चालतात, मी सातच नेतो. अंतर दोन काठ्यांच्या मधलं पडलं की फटका घडवावा लागतो. कार्डावर दोन-चार वाढतात, पण झोप छान लागते.

जुना_कॅडी (सांगली)

मी सहा वर्षं बॅगा उचलल्यात. आता स्वतःचं दुकान आहे. खरं सांगू, एकाही साहेबाचा स्कोअर आठवत नाही. बंकरमधली वाळू स्वतः सारखी कोण करायचं ते आठवतं, आणि चेंडू हरवला की आमच्यावर कोण खेकसायचं तेही. पूर्वी चेंडू शोधायला पाच मिनिटं असायची, २०१९ पासून तीनच. म्हणजे दोन मिनिटांच्या शिव्या वाचल्या.

तुमच्या त्या कॅडी पोरानं सात नंबर दिला आणि तुम्ही निमूट घेतला. निम्मे लोक घेत नाहीत. वेजच मारतात, चेंडू फांदीत अडकतो आणि मग आमच्याकडंच बघतात. त्या दिवशी घरी जाऊन त्यानंही तो फटका कुणाला तरी सांगितला असेल.

अजिंक्यतारा_६१ (सातारा)

कॅडीभाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. ९६ च्या दिवशी बॅग कुणी उचलली होती ते आठवून बघितलं. चेहरासुद्धा आठवेना.

बोगीबहाद्दर, पुढच्या खेपेला स्टेबलफर्ड, जावयाला आत्ताच कळवतो. मिरजकर, सात काठ्यांचं जमेल, पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) घरी ठेवायची छाती नाही. त्या सातात पटर (पट मारायची काठी) धरायचा का?

तालीम_मिरज

धरायचा. आणि तीन पट घालवणाऱ्यानं तर आधी तोच भरायचा.