मदत हवी आहे: अल्बिनिझम असलेल्या मुलीसाठी शाळेची तयारी

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत जूनपासून पहिलीला एक मुलगी येणार आहे. तिला जन्मतः अल्बिनिझम आहे, शरीरात मेलॅनिन (त्वचा, केस आणि डोळ्यांना रंग देणारं द्रव्य) फार कमी. गावात कोड समजून पोरांना तिच्याजवळ बसू देत नाहीत. हे कोड नाही, आणि कोडसुद्धा शिवल्याने होत नाही!

तिला पहिला बाक, खिडकीकडे पाठ, कारण उजेडानं डोळे दिपतात आणि चष्म्यानंही नजर पूर्ण सुधारत नाही. परिपाठ सावलीत. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, उन्हात एसपीएफ ३० चं, म्हणजे उन्हापासून त्वचा वाचवणारं क्रीम दर दोन तासांनी. ते महाग पडतं, कुठे स्वस्त मिळेल?

मोठ्या अक्षरांची पुस्तकं कुठून मागवावीत? अल्पदृष्टीच्या यूडीआयडी कार्डाला (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कोणते कागद लागतात? आणि पालकसभेत आज्यांना कसं सांगावं, म्हणजे त्यांना पटेल?