भयपटातून गाणं हाकललं आणि भयपट गरीब झाला

रातकिडा

"आमच्या सिनेमात एकही गाणं नाही" ही भयपटवाल्यांची अभिमानाची गोष्ट झाली आहे. रामगोपाल वर्मांच्या 'भूत'नं (२००३) ते करून दाखवलं, आणि तेव्हापासून गाणं म्हणजे भीतीचा शत्रू असं सगळे धरून चालले आहेत. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या चांगल्या भयपटात गाणं ही पॉपकॉर्न आणायला जाण्याची वेळ नव्हती. तिथे भूत गाण्यातूनच यायचं.

'महल' (१९४९) घ्या. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, खेमचंद प्रकाशांचं संगीत. 'आएगा आनेवाला' ठेक्यावर येण्याआधी जो संथ, अधांतरी भाग आहे, तिथे आवाज नक्की कुठून येतोय हेच समजत नाही. लताबाईंनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे: माइक खोलीच्या मधोमध होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. आज यंत्रावर एक खुंटी फिरवून जे होतं, ते त्यांनी पावलं मोजून केलं. पडद्यावर अशोक कुमार त्या आवाजामागे हवेलीभर फिरतो. भूत आधी ऐकू येतं, मग दिसतं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. म्हणजे पात्राचं!

मग ती वाटच पडली. 'बीस साल बाद' (१९६२) मध्ये हेमंत कुमार, 'वो कौन थी' (१९६४) मध्ये मदनमोहन. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६): हृदयनाथांची चाल, सुधीर मोघ्यांचे शब्द, महेंद्र कपूरांचा आवाज. चाळीस वर्षांनी कोकणातल्या वाड्यावर मालिका आली तेव्हा तिला नाव मिळालं ते याच गाण्यातलं, 'रात्रीस खेळ चाले'. सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही ती ओळ ठाऊक असते. दचकवणारा धक्का थिएटरातच विरतो, गाणं मात्र माणसाबरोबर घरी येतं.

पिवळी पानं

सपशेल असहमत. तुम्ही दिलेल्या यादीकडे नीट बघा. 'महल'मध्ये भूत नाही, माळ्याची मुलगी आहे. 'बीस साल बाद'मध्ये माणसाचं कारस्थान. 'वो कौन थी'मध्येही कारस्थानच. 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये मनाचा आजार. चारही सिनेमांत शेवटी कुणीतरी उभं राहून खुलासा करतं आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. गाणं तिथे चकवा म्हणून वापरलंय. ज्यात भूत खरंच भूत आहे आणि शेवटपर्यंत भूतच राहतं, तिथे हे गाणं टिकत नाही. 'भूत'मध्ये मुंबईतला साधा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, वॉचमन आहे. त्या घरात ऊर्मिला गायला लागली असती तर दोन मिनिटांत सगळं कोसळलं असतं.

आणि मुळात भीतीला आवाज लागतोच कशाला? भयकथाकार नारायण धारप वाचा. नोकरदार माणूस, जुनं घर, एखादी बंद खोली, आणि ऑफिसात बोलावं तशी सरळ, समजूतदार भाषा. ती भाषा कधी आवाज चढवत नाही. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' लिहिली, तेव्हा अमेरिकेतल्या गावातली दहशत मराठी मातीत रुजवली ती फक्त शब्दांवर. मागे व्हायोलिन नव्हतं. रत्नाकर मतकरींची गूढकथाही तशीच, शेवटच्या परिच्छेदापर्यंत घरगुती वाटत राहते. पुस्तकात कधी थांबायचं हे वाचक ठरवतो. पान उलटायचं धाडस त्याला स्वतःला करावं लागतं. सिनेमा, आणि त्यातून गाणं, हे धाडस त्याच्याकडून काढून घेतं.

शेवटचा शो

पिवळी पानं, पुस्तकाबद्दल मान्य. पण "आवाज कशाला" हे सिनेमाला लावू नका. 'सायको'मधला (१९६०) न्हाणीघरातला प्रसंग दिग्दर्शक हिचकॉकला संगीताशिवाय हवा होता. संगीतकार बर्नार्ड हर्मननं तरीही ते लिहिलं, फक्त तंतुवाद्यांसाठी, आणि ते ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. ते व्हायोलिनचं किंचाळणं काढून प्रसंग पाहा, सुरी आणि पडदा एवढंच उरतं.

पण रातकिडादादा, याच हिचकॉकनं तीन वर्षांनी 'द बर्ड्स' केला, त्यात नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही. ट्राउटोनियम नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर पक्ष्यांचे आवाज घडवले. हर्मन तिथेही होता, ध्वनीचा सल्लागार म्हणून! संगीतकार हाताशी असताना सूर लावायचा नाही, हाही संगीताचाच निर्णय. म्हणजे प्रश्न गाणं हवं की नको असा नाहीच.

'एक्झॉर्सिस्ट'चं (१९७३) उदाहरण तर तुम्हा दोघांनाही अडचणीत आणेल. दिग्दर्शक फ्रीडकिननं लालो शिफ्रिनचं संगीत नाकारलं आणि माइक ओल्डफील्डच्या 'ट्युब्युलर बेल्स' या तबकडीतला सुरुवातीचा तुकडा घेतला. ती तबकडी सिनेमाच्या आधी बाजारात आली होती, तिचा भुताखेतांशी काडीचा संबंध नव्हता. आज तेच स्वर ऐकले की लोकांना तो सिनेमाच आठवतो. भीती त्या सुरात नव्हती, सिनेमानं ती त्याला चिकटवली.

कॅसेट ९३

रातकिडाला +१. टीव्हीवरच्या 'झी हॉरर शो'ची सुरुवातीची धून वाजली की आमच्या चाळीतली निम्मी पोरं आतल्या खोलीत पळायची. तो शो करणाऱ्या रामसे बंधूंचे भुतांचे मुखवटे पाहून कुणी एवढं घाबरलेलं मला आठवत नाही.

वेंगुर्लेकर

सगळे सिनेमाच घेऊन बसलात, म्हणून लिहितोय. दशावतार, आमचं कोकणातलं लोकनाट्य, रात्रीचं पाहिलंय का कुणी? देवळासमोर मांड, पेटी, पखवाज, झांज. राक्षस यायच्या आधी पखवाज बदलतो. पडद्याआड कोण आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं. तो दिवसा आपल्याच वाडीत शेती करतो, आपल्याशी बोलतो. तरी तो बोल वाजला की आईच्या मांडीवरची मुलं तिला बिलगतात. खुलासा आधीच झालेला आहे आणि भीती तरीही शाबूत आहे.

पिवळी पानं ताई, म्हणून तुमचा "शेवटी भूत निघत नाही" हा मुद्दा मला लागू वाटत नाही. 'महल'मध्ये माळ्याची मुलगी निघाली हे माहीत असूनही ते गाणं पुन्हा लावलं की अंगावर काटा येतोच. धारपांची कथा शेवट कळल्यावर दुसऱ्यांदा तितकीच घाबरवते का, हे तुम्ही सांगा.

पिवळी पानं

घाबरवते. दुसऱ्या वाचनात जास्तच, कारण पहिल्या पानावरची निरुपद्रवी वाक्यं तेव्हा कुठे नीट दिसायला लागतात. ज्या खोलीला कुलूप का आहे हे आता मला माहीत आहे, त्या खोलीवरून घरातली माणसं सहज बोलत बोलत जातात. हे दुसऱ्या वेळी वाचवत नाही.

दशावताराचं मात्र तुम्ही छान सांगितलंत. तिथे वाद्यं समोर बसलेली असतात, काही लपवत नाहीत. माझा राग लपून बसलेल्या आवाजावर आहे. आजच्या सिनेमात पडद्यावर काही घडत नसतं, तेव्हा स्पीकरमधून धाडकन आवाज काढतात. मांजर उडी मारतं तरी तोच आवाज. मागून येऊन कुणी कानाजवळ टाळी वाजवली तरी माणूस दचकतो, त्याला भीती म्हणत नाहीत.

आणि 'तुंबाड'चं (२०१८) नाव अजून कुणीच कसं काढलं नाही? दिग्दर्शक राही बर्व्यांनी धारपांच्या 'आजी' कथेतून बीज घेतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. दोन मराठी पुस्तकं त्या सिनेमाच्या पायात आहेत. त्यातला सगळ्यात भयानक क्षण कुठला? हस्तर या लोभी देवाचं नाव घेऊन घरातल्या शापित म्हातारीला झोपवतात तो. बोललेलं एक वाक्य. गाणं नाही.

रातकिडा

ताई, ते वाक्य पुन्हा ऐका. ते एकदाच येत नाही. तेच शब्द, तोच हेल, संकट आलं की पुन्हा तेच. पोराला निजवताना घरोघरी जे म्हणतात त्याच घाटाचं आहे ते. याला मी गाण्याचं ध्रुवपदच म्हणेन. तुम्ही उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत.

त्याच सिनेमाचं पार्श्वसंगीत येस्पर किडचं आहे. हा माणूस 'असॅसिन्स क्रीड'सारख्या व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी ओळखला जातो. शीर्षकगीत अजय-अतुलचं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लागला आणि त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. शेवट तर जुन्या प्रेक्षकांना पाठ होता. ते परत गेले त्या पावसासाठी आणि त्या आवाजासाठी, असं मला वाटतं.

"शेवटचा शो" म्हणतात की सिनेमा भीती सुराला चिकटवतो. चिकटवतो, पण कुठलाही सूर घेऊन चालत नाही. 'महल'चं गाणं द्रुत लयीत, ढोलक लावून केलं असतं तर हवेलीतला अंधारही कामाला आला नसता. नायक-नायिकेचं स्वप्नगीत भयपटातून जरूर काढा, त्याला माझं पूर्ण अनुमोदन आहे. माझी मागणी भुताच्या गाण्याची आहे. एखाद्या मराठी दिग्दर्शकानं चित्रीकरणाच्या आधी संगीतकाराला बोलवावं, पखवाज वाजवणाऱ्याला बोलवावं, आणि गाणं पटकथेतच लिहावं.

शेवटचा शो

हे पटकथेत लिहिण्याचं आवडलं. फक्त ते गाणं जाहिरातीसाठी आधी यूट्यूबवर सोडायचं नाही, ही अट घाला. 'महल' पाहायला बसलेल्या पहिल्या प्रेक्षकासाठी तो आवाज अनोळखी होता. आज ट्रेलरमध्ये दहा वेळा ऐकलेलं भूत थिएटरात काय घाबरवणार?

पिवळी पानं

ही अट असेल तर सिनेमापुरती मी वाद थांबवते. पुस्तकाबाबत तसूभर हलणार नाही. हल्ली ऑडिओबुकांत भयकथेच्या मागे घोंघावणारा वारा आणि करकरणारी दारं घालतात. वाचणाऱ्याचा आवाज चांगला असेल तर त्याला एकटं सोडा. दार करकरलं हे लेखकानं लिहिलेलं आहे, ते मला माझ्या घरातल्या दाराच्या आवाजात ऐकू द्या.