‘एक हसीना थी’चा शेवट : न्याय की निव्वळ क्रौर्य?

निशिगंधा : श्रीराम राघवन यांचा ‘एक हसीना थी’ (२००४) नुकताच पुन्हा पाहिला. (पुढे शेवट उघड केला आहे.) सारिका वर्तकला तिचा प्रियकर करण राठोड गुन्ह्यात अडकवतो, त्याचाच वकील शिक्षा कमी होईल असे सांगून तिच्याकडून कबुलीजबाबावर सही घेतो आणि तिला सात वर्षांची शिक्षा होते. तुरुंगातून पळालेली सारिका अखेर करणला गुहेत साखळीने जखडून उंदरांच्या तावडीत सोडते. ‘बरी अद्दल घडवली!’ असे म्हणून या प्रसंगाला दाद देणारे प्रेक्षक मला खटकतात. तिने त्याला पोलिसांच्या हवाली का करू नये?

वाटसरू : कोणत्या भरवशावर? त्याच व्यवस्थेने तिच्या सहीचा कागद पुरावा मानून तिला आत टाकले होते. ‘बाजीगर’चा (१९९३) नायक बापाच्या वैऱ्यावर सूड उगवण्यासाठी त्याच्या निरपराध मुलीला, सीमाला, लग्नाची नोंदणी करायला म्हणून नेऊन, इमारतीच्या गच्चीवरून खाली ढकलतो, आणि तरीही थिएटरातली सहानुभूती त्याच्याच वाट्याला आली. सारिका तर खऱ्या गुन्हेगारालाच गाठते; मग संयमाचा उपदेश नेमका तिलाच का?

निशिगंधा : उपदेश तिला नाही, आपल्याला आहे. ‘बाजीगर’मध्ये वेडी झालेली आई आणि लहानपणीची दैना दाखवून आपली सहानुभूती आधीच विकत घेतली जाते, आणि नायक आईच्या मांडीवर प्राण सोडतो तेव्हा सीमा कोणाच्या लक्षातही उरत नाही. तेही मला तितकेच आक्षेपार्ह वाटते.

अनाहत : मला वाटते, तुम्ही दोघेही सारिका रंगवणाऱ्या ऊर्मिला मातोंडकरचा चेहरा विसरत आहात. सुरुवातीला घरातल्या उंदराला घाबरणारी ही मुलगी गुहेत उभी असते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेशही नसतो, आणि करणच्या किंकाळ्या ऐकू येत असताना आपल्याला मोकळेपणाने टाळ्या वाजवता येत नाहीत. शिवाय त्यानंतर ती स्वतः जाऊन सीमा बिस्वास यांनी रंगवलेल्या मालती वैद्य या पोलीस अधिकाऱ्यापुढे हजर होते. दिग्दर्शकाने तिला निर्दोष ठरवलेले नाही.

वाटसरू : नेमके तेच मला पटत नाही. ‘बाजीगर’चा नायक अजय मरतो तो आईच्या कुशीत, प्रेक्षकांचे डोळे ओले करून; आणि सारिकेने मात्र आपल्या पायांनी पुन्हा गजांआड जायचे. ते शरण जाणे मला कथेची गरज वाटत नाही. सभ्य प्रेक्षकाला घरी शांत झोप लागावी म्हणून केलेली ती सोय वाटते.