'काही केलंच नाही तर भीती कशाला?' म्हणणाऱ्या काकांसाठी

गिरगावची_गॅलरी: पोलिसांच्या कॅमेऱ्यांवर काल इथे एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं, "ज्याने काही केलंच नाही त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला?" रात्रभर डोक्यात भुणभुण चालू होती, म्हणून वेगळा धागा.

काका, जानेवारी २०२५ आठवा. सैफ अली खानच्या घरात माणूस शिरला, जिन्यातल्या कॅमेऱ्यातला चेहरा देशभर फिरला आणि छत्तीसगडात दुर्गला भलत्याच एकाला गाडीतून उतरवला. त्याचा फोटो सगळ्या चॅनेलांवर. ठाण्यात दुसरा पकडल्यावर याला सोडला. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, असं तो बिचारा नंतर सांगत होता. त्याने काय केलं होतं?

२०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा कायद्यात मात्र सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते. कॅमेरे लावा हो. फुटेज कोण बघतं, किती दिवस ठेवतं, कुणाच्या मोबाइलवर जातं, एवढं लेखी द्या.

शिवाजीपार्क_कट्टा: तो काका मीच. सव्वीस अकराला मी व्हीटीहून घरी निघणार होतो, साहेबांनी एक पत्र टाइप करायला बसवलं म्हणून वाचलो. हक्काची भाषा मला शिकवू नका. कॅमेरे नकोत म्हणणाऱ्यांनी एकदा त्या स्टेशनात उभं राहून बोलावं.

परळ_लोअर_अप्पर: काका, जिवावरचं टळलं, बरं झालं. पण कसाबचा तो गाजलेला फोटो वृत्तपत्राच्या फोटोग्राफरने काढलाय, जीव मुठीत धरून. हल्ल्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीने कॅमेऱ्यांची शिफारस केली आणि शहरभर कॅमेरे लागायला २०१६ उजाडलं. एवढी निकड होती!

माटुंग्याची_सून: मला कायद्यातलं कळत नाही. माझे सासरे विसरभोळे. दोन वर्षांपूर्वी देवळात जातो म्हणून निघाले, ते गायब. चौकीतला एक हवालदार माझ्याबरोबर चार तास स्क्रीनसमोर बसला. हा सिग्नल, तो सिग्नल, मग सायनच्या बसस्टॉपवर पांढरा सदरा. रात्री दहाला घरी आणले. त्या दिवशी कुणाच्या खासगीपणाचा विचार मनात आला नाही, खरं सांगते.

गिरगावची_गॅलरी: ताई, तुमच्यापुढे बोलती बंद. तो हवालदार चांगला होता. प्रश्न वाईट असला तर काय, हा आहे.

विंग_बी_४०२: पोलिसांचं सोडा, आमच्या सेक्रेटरीचं बोला! मजल्यामजल्यावर कॅमेरा, मॉनिटर त्याच्या हॉलमध्ये. माझी मुलगी रात्री अकराला कुणाच्या बाइकवरून उतरली, त्याची क्लिप सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर. वर "पालकांनी लक्ष द्यावे". ती नाइट शिफ्टच्या कलीगबरोबर आली होती. पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये मान खाली घालून जायची.

शिवाजीपार्क_कट्टा: मी स्वतः अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. फुकट राबतो. सायकल चोरीला गेली की आधी माझीच बेल वाजवता ना?

विंग_बी_४०२: सायकलचं फुटेज मागितलं तेव्हा "त्या दिवशी बंद होता" म्हणालात. म्हणजे तुम्ही नाही, आमचे. सगळे सारखेच.

परळ_लोअर_अप्पर: सगळीकडे तेच. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा कॅमेरे लावायला सांगितले. बाहेर आमच्यावर लावायचे तर उत्साह, स्वतःवर म्हटलं की वायर तुटते.

शिवाजीपार्क_कट्टा: ठाण्यातले चालू हवेत, हे मान्य. तुमचा मुद्दा आहे म्हणून नाही, मला आधीपासून वाटतंच. आणि ती बाइकची क्लिप ग्रुपवर टाकणारा गाढव आहे.

विंग_बी_४०२: तुमच्या सोसायटीत किती कॅमेरे, काका?

शिवाजीपार्क_कट्टा: आठ.

विंग_बी_४०२: चालू?

शिवाजीपार्क_कट्टा: तीन. देखभाल कराराची, एएमसीची फाइल कमिटीत अडकलीय. विषय कॅमेऱ्यांचा चाललाय, मेंटेनन्सचा नाही.