जर्मनची प्रगती-फाइल: काय ठेवायचं, काय फेकायचं?

टिपकागद
जर्मनची ए२ पातळी झाली, त्यापुढची बी१ चालू आहे. पोर्टफोलिओ म्हणून ठेवलेली फाइल तीन महिन्यांत फुगलीये: वर्कशीटं, शब्दांच्या याद्या, चाचण्यांचे मार्क. पण चाळल्यावर जर्मन सुधारलं की नाही ते कळत नाही. नेमकं काय ठेवायचं? आणि बोलण्याची नोंद कशी करायची?

धांडोळा
आधी वर्कशीटं रद्दीत. गाळलेल्या जागा भरलेला कागद त्या दिवशीचा धडा कळला, एवढंच सांगतो.

कौन्सिल ऑफ युरोपच्या भाषा-पोर्टफोलिओचे तीन भाग असतात: पासपोर्ट (कुठल्या कौशल्यात कुठली पातळी), चरित्र (काय जमतं, पुढे काय साधायचं) आणि दोसिए, म्हणजे कामाचे नमुने. पासपोर्टात नुसतं 'बी१' लिहू नका. ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं, लेखन अशा पाच ओळी करा. वाचन बी१ला आणि संवाद अजून ए२लाच, असं सर्रास असतं.

दोसिएत महिन्याला दोनच नमुने: एक लेखन, एक ध्वनिमुद्रण. लेखन म्हणजे ८० शब्दांची ईमेल, २० मिनिटं घड्याळ लावून, शब्दकोश मिटून. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेतलं पहिलं लेखन याच मापाचं असतं. कोपऱ्यात तारीख, लागलेला वेळ, घेतलेली मदत. चुका वेगळ्या शाईने दाखवा, मूळ खोडू नका. दोन आठवड्यांनी जुना कागद न बघता तोच विषय पुन्हा लिहा आणि दोन्ही एकत्र टाचा. लोक हमखास फेअर कॉपी तेवढी ठेवतात आणि कच्चा कागद फेकतात. मग तुलना कशाशी करणार?

कर्मणिप्रयोग
वर भर घालतो. चुकांना समासात खुणा द्या: क्रि (क्रियापदाची जागा), लिं (आर्टिकल, म्हणजे नामाआधीचं लिंगदर्शक डेर, दी किंवा दास), वि (विभक्ती), स (भूतकाळात सहायक क्रियापद हाबेन की झाइन). मग दर १०० शब्दांमागे मोजा. ८० शब्दांत ६ 'लिं' म्हणजे शंभराला साडेसात.

'वाइल इश हाबे काइने त्साइट' ही ठरलेली 'क्रि'. हवं 'वाइल इश काइने त्साइट हाबे'. गंमत म्हणजे 'कारण माझ्याकडे वेळ नाही' यात क्रियापद शेवटीच आहे. घोळ इंग्रजीवरून जर्मन रचल्याने होतो. 'लिं'चं दुखणं वेगळं. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, पण जुळत नाहीत: ती खिडकी पण दास फेन्स्टर, ते दार पण दी ट्यूर, तो सूर्य पण दी झोन. म्हणून नुसता आकडा नको, चुकलेला शब्द आर्टिकलसकट यादीत उतरवा.

एक सावधगिरी: लांब वाक्यं लिहायला लागलात की चुका आधी वाढतात. शेजारी गौण वाक्यं किती तेही लिहा, नाहीतर प्रगतीलाच घसरण समजाल.

ऐकीव
बोलण्यात चुका मोजत बसू नका, माणूस गप्प होतो. दोन मिनिटं बोला. चिठ्ठीवर पाच शब्द चालतील, पूर्ण वाक्य नको. तीन सेकंदांहून लांब थांबे किती आणि इंग्रजी शब्द किती, एवढंच मोजा. पहिली ३० सेकंदं 'अं'सकट जशीच्या तशी लिहून काढा. तोच विषय तीन महिन्यांनी परत. मुद्रण बिघडलं म्हणून पुसून पुन्हा करायचं नाही. सातव्या खेपेचं मुद्रण म्हणजे पाठांतर. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा (२०२५-०३-०९-बोलणे), म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

टिपकागद
ईमेल एआयकडून तपासून घेतली तर? आणि 'काय जमतं'च्या यादीत टिक कधी करायची?

धांडोळा
तपासून घ्या, पण आपला कागद लिहून झाल्यावर. दुरुस्त प्रत वेगळ्या पानावर आणि वर ठळक 'मदतीने'. ती नमुन्यात मोजायची नाही.

टिकेचं म्हणाल तर 'फोनवर बोलता येतं' हे फार ढोबळ. 'डॉक्टरची वेळ फोनवर बदलून घेता येते' असं लिहा आणि समोर पुराव्याचा क्रमांक टाका: मुद्रण ४ किंवा कागद ७. क्रमांक नसेल तर चौकोन रिकामा.