लिथुआनियाची सुरुवात १००९ पासून धरायची का?

धागाकर्ता: २००९ मध्ये लिथुआनियाने नावाची हजार वर्षं थाटात साजरी केली. आधार काय, तर जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग मठाच्या बखरीतली एक नोंद: १००९ मध्ये ब्रुनो नावाचा धर्मप्रसारक बिशप आणि त्याचे १८ सोबती रुस (पूर्वेकडच्या स्लाव लोकांचं तेव्हाचं राज्य) आणि 'लिटुआ'च्या, म्हणजे लिथुआनियाच्या, सीमेवर मारले गेले. मला हे पटत नाही. बातमी ब्रुनोच्या मरणाची आहे, लिटुआ नुसतं ठिकाण सांगायला आलंय, तिथली माणसं कोण, सत्ता कोणाची, काहीच नाही. खरी सुरुवात १२१९ ची म्हणा, हालिच-व्होलिन या रुसमधल्या राज्याशी झालेल्या तहात २१ लिथुआनियन सरदारांची नावं आहेत, त्यात ५ थोरले, आणि त्या पाचात मिंडाउगस, जो १२५३ ला राजा झाला!

जुनी_पानं: अहो पण ठिकाण सांगायला नाव वापरलं हीच मोठी गोष्ट आहे ना. सीमा सांगताना एका बाजूला रुस आणि दुसऱ्या बाजूला लिटुआ, म्हणजे हे नाव तेव्हा चलनात होतं. ते लोक स्वतः 'लिएतुवा' म्हणतात, बखरीतलं रूप मात्र स्लाव लोकांच्या 'लित्वा'च्या जवळचं, म्हणजे शेजाऱ्यांकडून फिरत फिरत सॅक्सनीपर्यंत, म्हणजे त्या मठाच्या मुलखापर्यंत पोचलेलं. आणि सोहळा नावाचा होता, राज्याचा नाही.

अंबरप्रेमी: मग १००९ वर तरी का थांबायचं? इ.स. ९८ मध्ये टॅसिटस या रोमन इतिहासकाराने बाल्टिक किनाऱ्यावर अंबर (झाडांचा दगड झालेला चीक) गोळा करणारे 'एस्ती' लिहून ठेवलेत.

धागाकर्ता: नाही, इथे ठाम विरोध. एस्ती फार तर बाल्टिक लोकांचे पूर्वज, त्यातले लिथुआनियन नेमके कोण हे कसं काढणार? शिवाय तेच नाव पुढे एस्टोनियाला चिकटलं, ज्यांची भाषा पूर्ण वेगळ्या कुळातली. नावावरून माणसं ओळखायला गेलं की असा घोळ होतो.

नकाशावाला: नकाशांचं कोणी बोललंच नाही. १३३९ च्या आंजेलिनो दुल्सेर्त या नकाशाकाराच्या नकाशात लिथुआनिया आहे, पण मूर्तिपूजकांचा देश म्हणून, कारण राज्याने ख्रिस्ती धर्म कायमचा घेतला तो १३८७ ला. ब्रुनोची नोंद असो की हा नकाशा, लिहिणारा बाहेरचाच आणि बघणार धर्माच्या चष्म्यातून. म्हणून १२१९ बाबत मी धागाकर्त्याच्या बाजूने, तोही तह रुसच्या बखरीतच टिकलाय हे खरं, पण निदान त्यात तिथल्या माणसांची नावं तरी आहेत.

जुनी_पानं: १२१९ महत्त्वाचं आहेच, पण म्हणून १००९ खोडायची काय गरज?